माळ्यावरचं दप्तर: गिरणीच्या साहेबाचे आणि त्याच्या घराण्याचे कागद कसे उघडावे, लावावे, टिकवावे

आमच्या माळ्यावर सात ट्रंका होत्या. आजेसासरे मुंबईच्या एका कापडगिरणीत आधी साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, असिस्टंट, मग वीव्हिंग मास्तर आणि शेवटी मॅनेजर. गावात घराण्याची खोती (गावचा सारा वसूल करण्याचा हक्क), देवळातला मान, शाळेच्या कमिटीवर नाव. ते गेल्यावर मुंबईच्या बिऱ्हाडातलं सगळं गावी आलं, माळ्यावर चढलं आणि तिथेच राहिलं. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा ‘आजोबांचं दप्तर’ हा शब्द कानावर पडायचा, पण कोणी हात लावत नव्हतं.

शेवटी मी लावला आणि पहिल्याच दिवशी मोठी चूक केली. सगळी पोस्टकार्डं वेगळी काढून बिस्किटांच्या डब्यात गावांप्रमाणे लावली. दिसायला छान झालं. तीन महिन्यांनी गिरणीच्या एका फाइलीत आजोबांच्या अक्षरातला शेरा मिळाला: ‘सोबतचे कार्डावरून मुलास बदलीवर घ्यावे.’ ‘बदलीवर’ म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी. सोबतचं कार्ड कुठलं, ते आता सांगता येत नाही. डब्यात अशी पन्नासएक कार्डं आहेत, ‘आमच्या पोराला गिरणीत चिकटवा’ म्हणणारी. कुठल्या पोराला खरंच काम लागलं तो दुवा मी माझ्या हाताने तोडला.

म्हणून हा लेख. कोकणातल्या अशा घरांत साहेबाचे कागद आणि घरचे कागद निराळे नसतात. मुंबईच्या पगारातून आलेली मनिऑर्डर गावच्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, जमा होते, गावचं कार्ड गिरणीच्या फाइलीत टाचलं जातं. ‘कंपनीचं इकडे, घरचं तिकडे’ अशी वाटणी करू नका. बाकी सारं याच्यापुढचं.

कधी उघडावं

मे महिन्यात आणि गणपतीत घर भरलेलं असतं म्हणून लोक तेव्हाच ट्रंका खाली उतरवतात. ती वेळ बोलण्याची आहे, कागदांची नाही. मे महिन्यात घामाचे हात आणि वळवाची धास्ती, भाद्रपदात भिंतींनाच ओल. कागदांचं काम दिवाळीनंतर सुरू करावं आणि शिमग्याच्या आत मोठा भाग उरकावा. गणपतीत मात्र एक गोष्ट जरूर करा. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर जुने फोटो ठेवून नावं विचारून घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा. फोटोतली माणसं ओळखणारं माणूस गेलं की नुसता कागद उरतो. आमच्याकडे एका फोटोत सतरा जण आहेत, त्यातले चार ओळखता आले, कारण आत्येसासूबाईंना आम्ही दोन वर्षं उशिरा विचारलं.

हात लावण्याआधी

ट्रंक उघडली की पहिलं काम फोटो काढण्याचं. झाकण उघडलेली ट्रंक वरून टिपा, मग एकेक थर उचलताना पुन्हा टिपा. ट्रंकेवर खडूने नंबर घाला. आतल्या गठ्ठ्यांना वरून खाली अनुक्रमांक द्या आणि साध्या वहीत लिहा: ट्रंक ३, वरून दुसरा रुमाल, लाल कापड, गाठ बांधलेली, आत अंदाजे दोनशे कागद. ‘रुमाल’ म्हणजे कागद बांधायचं चौकोनी कापड. जुन्या दप्तरांत हाच एकक असतो, तोच धरून चला.

कागदावर खूण करायची तर मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात: ट्रं३/रु२/१४. पेन नको, शिक्का नको, चिकटचिठ्ठी तर नकोच, तिचा गोंद कागदात उतरतो. हात धुऊन कोरडे करा. सुती हातमोजे फोटो आणि निगेटिव्हसाठी ठीक, पातळ कागदाला नाहीत. मोज्याच्या बोटांना कागदाची कड कळत नाही आणि फाटतो.

ओल, बुरशी, वाळवी, कसर

हा भाग जरा लांबवते, कारण आपल्याकडे निम्मी लढाई इथेच आहे.

माळा ही कागदांना सगळ्यात वाईट जागा. कौलाखाली उन्हाळ्यात तापतं, कौल सरकलं की पाणी. पूर्वी चुलीचा धूर माळ्यावर फिरायचा, त्यामुळे कागद काळवंडायचे पण कीड कमी लागायची असं जुनी माणसं सांगतात. गॅस आला, धूर गेला, माळा तोच राहिला. तेव्हा दप्तर खाली, माजघरासारख्या आतल्या खोलीत आणा. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका, पावसाळ्यात ती भिंत पाणी पिते. भिंतीपासून वीतभर, जमिनीपासूनही वीतभर उंच.

कागदाला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. समुद्राकाठी पावसाळ्यात ती नव्वदीला जाते. एसी नसेल तर आदर्शाच्या मागे लागू नका. ६५ च्या वर गेलं की बुरशीला बळ येतं, एवढा आकडा लक्षात ठेवा. काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते कपाटात ठेवा आणि महिनाभर आकडे लिहून काढा. बंद पेटीतला कागद बाहेरच्या चढउतारांपासून बराच वाचतो, म्हणून नीट झाकणाची पेटी निम्मं काम करते. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण त्या वेळोवेळी गरम करून वाळवाव्या लागतात. एकदा टाकून विसरलेली पुडी काही कामाची नाही.

ओलसर गठ्ठे उन्हात, खळ्यात पसरू नका. पडवीच्या सावलीत, पंखा भिंतीकडे वळवून, वर्तमानपत्रावर न ठेवता धुतलेल्या मांजरपाटावर पसरा. मांजरपाट दोनदा उकळत्या पाण्यात धुवावा, नव्या कापडातली खळ कसरीला, म्हणजे कागद-कापड खाणाऱ्या किडीला, पक्वान्न वाटते. लाल खारव्यात बांधलेली जुनी दप्तरं दिसतात, पण लाल रंग ओलीत कागदावर उतरतो. बांधणी म्हणून तो रुमाल जपून ठेवा, कागद मात्र पांढऱ्या कापडात घ्या.

बुरशी कोरडी झाल्यावरच मऊ ब्रशने झाडा, दारात बसून, नाकातोंडाला चांगला मास्क लावून, आपल्यापासून दूर. दम्याच्या माणसाने या कामाला बसू नये.

वाळवीची मातीची रेघ दिसली तर तो गठ्ठा ताबडतोब वेगळा करा. आधी घराचा बंदोबस्त, मग कागदाचा, कारण वाळवी जमिनीतून येते, ट्रंकेतून नाही. कसर किंवा पुस्तकी कीड असेल तर गोठवण्याचा उपाय आहे. गठ्ठा दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा, उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरतं. फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह यात घालू नका. गावात मासळीवाल्यांकडे मोठा फ्रीजर असतो, पण तिथे कागद ठेवण्याआधी माझ्यासारखं वासाचा विचार करून घ्या.

डांबरगोळ्या, रॉकेल, डीडीटी यातलं काही कागदावर नको. वेखंडाच्या कांड्या पोथ्यांत ठेवायची पद्धत जुनी आहे. कपाटाच्या कोपऱ्यात कापडात बांधून ठेवायला हरकत नाही, कागदाला थेट लावू नका.

हे सारं पुराच्या आणि वादळाच्या बातम्या आठवून लिहिते आहे. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातली किती छपरं घेऊन गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. नदीकाठच्या, बाजारपेठेच्या घरात दप्तर तळमजल्यावर ठेवायचं की वरच्या मजल्यावर, हे तुमच्या गावाच्या पुराची खूण बघून ठरवा. भिजलेल्या कागदांचा गठ्ठा लगेच वाळवणं जमत नसेल तर तोही गोठवून ठेवता येतो, पुढची वाळवण तज्ज्ञाच्या सल्ल्याने. दोन दिवसांच्या आत हे झालं नाही तर बुरशी सुरू होते.

लावायचं कसं

नियम एकच: ज्याने ठेवलं त्याने जसं ठेवलं तसं राहू द्या. आजोबांनी १९३५ ची पत्रं १९४१ च्या फाइलीत ठेवली असतील तर काही कारणाने ठेवली असतील. ते कारण आज कळत नाही म्हणून कागद हलवायचा नसतो. वर्षवार यादी हवी तर ती यादीत करा, कागदांत नाही. आपोआप विस्कटलेल्या, उंदराने उकरलेल्या गठ्ठ्याला मूळ क्रम उरलेलाच नसतो. तिथे मात्र तुम्ही लावा आणि ‘मी लावले’ असं वहीत लिहून ठेवा.

पहिली फेरी वाचनाची नाही, मोजणीची. एखादं पत्र वाचायला घेतलं की दुपार गेली. सगळ्या ट्रंकांतले सगळे गठ्ठे मोजून, वर वर ओळखून झाले की मगच वाचायला बसा. आमच्याकडे या फेरीत निघाले ते असे: गिरणीच्या कामाच्या रोजनिश्या, कार्बन कॉप्या, कापडाचे नमुने चिकटवलेली वही, घरच्या कीर्दी आणि खतावण्या, खोतीची पत्रकं, लग्नांच्या याद्या, शेअर सर्टिफिकेटं, मशिनरीचे निळे नकाशे, आणि आजेसासूबाईंचं दप्तर.

हे शेवटचं आम्ही जवळजवळ रद्दीत घातलं होतं. त्यांच्या वहीत भाजी, दूध, दळण, मोलकरणीचा पगार, गावी पाठवलेल्या सामानाचा तपशील आणि मध्येच ‘आज गिरणी बंद, हे घरी’ अशी नोंद. आजोबांच्या रोजनिशीत त्याच दिवशी फक्त ‘स्ट्राइक’ असं लिहिलंय. दोन्ही शेजारी ठेवल्यावर तो दिवस दिसतो. साहेबाच्या घराण्याचं दप्तर म्हणून कोणी वाखाणतो तेव्हा त्याला बहुधा बायकांच्या वह्या अभिप्रेत नसतात. तुम्ही मात्र त्या पहिल्या नंबरात ठेवा.

साहेबाच्या टेबलावरचे विशेष कागद

प्रेस कॉपी बुक: पातळ, जवळजवळ पारदर्शक पानांचं जाड पुस्तक. कॉपिंग शाईने लिहिलेलं पत्र ओलसर पानाला लावून दाबाच्या यंत्रात दाबलं की अक्षर पानावर उमटायचं. घरात आलेली पत्रं असतात, गेलेली नसतात. हे पुस्तक गेलेल्या पत्रांचं, म्हणून मोलाचं. पण ही शाई पाण्याने पसरते, ओला हात लागता कामा नये. पुढे अक्षरवार नावांची सूची असते, ती आधी टिपून घ्या.

कार्बन कॉप्या: कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद, टाचण्या गंजलेल्या. टाचणी ओढायची नाही. खाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, टाचणीची टोकं सरळ करा, मग सोडवा. कुठले कागद एका टाचणीत होते ते लिहून, साध्या कागदाची घडी करून त्यात एकत्र ठेवा.

निळे नकाशे: हे पांढऱ्या रेघांचे निळे कागद प्रकाशाने आणि अल्कधर्मी कागदानेही फिके पडतात. इतर कागदांसाठी अल्कयुक्त आम्लमुक्त पेट्या उत्तम, पण ब्ल्यूप्रिंटला साध्या, अल्क न घातलेल्या कागदात गुंडाळा. ट्रेसिंगच्या कापडी नकाशांत खळ असते, तिला पाणी लागलं की गेलं आणि कसर तिच्यावर तुटून पडते.

जुन्या निगेटिव्ह: साधारण १९५० च्या आधीच्या काही फिल्म नायट्रेटच्या असतात, त्या पेट घेतात. चिकट झालेली, पिवळट, विचित्र वासाची फिल्म दिसली तर बंद डब्यात, उष्ण माळ्यावर ठेवू नका. वेगळी करून संवर्धकाला विचारा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर ती दुसऱ्या प्रकारची, पेट घेणारी नाही, पण इतर फिल्मपासून दूर ठेवा, तो रोग पसरतो. चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या आल्बमातले फोटो निघत असतील तर काढा, निघत नसतील तर ओढू नका. पानासकट फोटो काढून घ्या.

शेअर सर्टिफिकेट आणि जमिनीचे कागद: हे ऐतिहासिक म्हणून बाजूला टाकण्याआधी कामाचे आहेत का पाहा. बंद पडलेल्या कंपनीचा कागद फक्त आठवण असतो. पण कंपनी अजून चालू असेल, दुसरीत विलीन झाली असेल तर त्याला किंमत असू शकते. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरांचं हस्तांतरण बंद आहे आणि सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, तिथून वारसांना मागता येतात. सर्टिफिकेटचा नंबर, फोलिओ आणि नाव टिपून ठेवा आणि वकिलाला दाखवा. सातबारा, फेरफार, खरेदीखतं यांची मूळ प्रत घरीच राहू द्या, दप्तरात तिची नक्कल आणि ‘मूळ प्रत अमुक कपाटात’ अशी चिठ्ठी.

गावातल्या माणसांसाठी एक गोष्ट बघा. गिरणी कामगारांना म्हाडाच्या घरांसाठी अर्ज करताना १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर गिरणीत काम केल्याचे पुरावे लागतात. तुमच्या साहेबाच्या फाइलीत एखाद्या जुन्या कामगाराचा बदली कार्डाचा नंबर, हजेरीचा कागद, सर्टिफिकेट असेल, तर ते तुमच्या दृष्टीने टाकाऊ आणि त्या घराच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं. नाव ओळखीचं वाटलं तर निरोप द्या.

तारीख लावणं

कागदावर तारीख असतेच असं नाही. तिथी असली तर शक वर्षात ७८ मिळवा: ज्येष्ठ शुद्ध ५, शके १८४५ म्हणजे १९२३. मात्र तो कागद इंग्रजी नव्या वर्षानंतरचा असेल, म्हणजे पौषाचा उत्तरार्ध, माघ किंवा फाल्गुनाचा, तर ७९ मिळवावे लागतात. शके १८४५ चा माघ १९२४ मध्ये येतो. महसुली कागदांवर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवा. फसली १३३० म्हणजे १९२०-२१. त्याहून जुन्या कागदांवर अरबी सन येतो, तो आकड्यात नाही, शब्दांत लिहिलेला असतो: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा. त्यात ५९९ मिळवायचे, पण मृग नक्षत्राला वर्ष फिरतं हे ध्यानात ठेवून.

तारीखच नसेल तर कागदच बोलतो. पत्त्यावर पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. हिशोब आणे-पैंत असेल तर १९५७ च्या आधीचा समजा. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, काही वर्षं ‘नवे पैसे’ असंच लिहीत. मालवणचा पत्ता ‘जिल्हा रत्नागिरी’ असा असेल तर तो १९८१ पूर्वीचा, कारण सिंधुदुर्ग त्या साली वेगळा झाला. अलिबागचा पत्ता ‘कुलाबा’ असेल तर तोही तेवढाच जुना, कारण रायगड नावही त्याच साली आलं. ‘बदली कार्ड’ हा शब्द मुंबईच्या गिरण्यांच्या कागदांत भेटला तर साधारण १९३५ नंतरचा धरा, ती पद्धत त्या साली आली.

मोडी असेल तर

१९५० च्या आधीच्या घरच्या हिशोबांत मोडी येणारच. ती शिकायला वेळ लागतो, पण घरच्या दप्तरापुरती शिकणं अशक्य नाही, कारण एकाच माणसाचं अक्षर आणि तेच तेच शब्द असतात: जमा, खर्च, बाकी, रुजू, बद्दल. पाच-सहा महिने दररोज अर्धा तास द्यावा. नसेल जमत तर जाणकाराला दाखवताना मूळ कागद हातात देऊ नका, स्पष्ट फोटो द्या. एका ठिकाणी मी मूळ रुमाल दिला होता, तो परत आला तेव्हा दोन पत्रं कमी होती. कुठे गेली हे त्यांनाही सांगता आलं नाही.

लाजिरवाणं वाटणारं

खोतीचे कागद हाताशी आले की घरात कुजबूज सुरू होते. कुळांकडून लिहून घेतलेल्या कबुलायती, वेठीच्या याद्या, जातीची नावं ज्या तऱ्हेने लिहिली आहेत ते. आपल्या आजोबांचं नाव या कागदाखाली बघायला आवडत नाही. खोती नष्ट करायचं विधेयक बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मांडलं आणि कायदा १९४९ साली झाला. मधल्या बारा वर्षांची नोंद या कागदांत असू शकते. ते जाळले तर कुळांच्या घरांचा इतिहासही जातो, आणि त्यांच्याकडे तर दप्तरच नव्हतं. हे कागद ठेवा, त्या घरातलं कोणी विचारायला आलं तर दाखवा. आमच्याकडे दोन वेळा असं झालं. दोघांनीही आपल्या आजोबांच्या अंगठ्याचा ठसा मोबाइलमध्ये घेतला.

घराण्यातली भांडणं, आजारपणं, एखाद्याला नोकरीवरून काढल्याचे गोपनीय शेरे, युनियनच्या माणसांच्या याद्या हे निराळ्या जातीचं. यांत जिवंत माणसांचे किंवा त्यांच्या मुलांचे संबंध असतात. जाळू नका, पसरवूही नका. पाकिटात घाला, वर ‘अमुक सालापर्यंत उघडू नये’ लिहा, सही करा. कंपनीची गोपनीय मिनिटबुकं, मूळ करार हाती लागले तर ते आपल्या आजोबांचे नव्हेत, कंपनीचे. कंपनी असेल तर तिला कळवा.

पेट्या आणि फोटो

आम्लमुक्त पेट्या आणि फोल्डर मुंबई-पुण्यातल्या संवर्धन साहित्याच्या दुकानांतून मागवता येतात. महाग वाटतं, पण सगळ्याला एकदम लागत नाही. आधी साहेबाची पत्रं आणि फोटो. बाकीचं धुतलेल्या मांजरपाटात, सुती नाडीने सैल बांधून. सेलोटेप नको. फाटलेला कागद चिकटवायचा मोह आवरा, तो पातळ फोल्डरमध्ये तसाच ठेवला तरी टिकतो. स्वस्त पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांत अक्षरं चिकटतात, पॉलिएस्टर चालतं.

घरी स्कॅनर नसेल तर मोबाइल पुरतो. उत्तरेकडच्या खिडकीजवळ, फ्लॅश बंद, काळ्या कापडावर कागद, बाजूला मोजपट्टी, कॅमेरा कागदाला समांतर. स्कॅनर असेल तर मजकुराला ३०० पीपीआय, फोटोला ६००. मूळ प्रत टिफमध्ये, रोजच्या वापराला जेपेग. फाइलीला नाव देताना मघाचाच नंबर द्या: ट्रं३_रु२_१४_पाठ. ‘आजोबा पत्र नवीन अंतिम’ असलं नाव नको. तीन प्रती करा, त्यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक घराबाहेर, मुंबई-पुण्यातल्या भावाकडे. वर्षातून एकदा त्या उघडून बघा. हार्डडिस्क न उघडता पडून राहिली की तीच माळ्यावरची ट्रंक होते.

सूची

संशोधक येईल तेव्हा त्याला कागद नव्हे, सूची लागते. प्रत्येक गठ्ठ्याला एक नोंद पुरे: नंबर, काय आहे, कोणी कोणाला, साल कधीपासून कधीपर्यंत, किती कागद, भाषा आणि लिपी, अवस्था, शेरा. उदाहरण देते: ‘ट्रं५/रु१. वीव्हिंग मास्तर असतानाच्या रोजनिश्या, ४ वह्या, इंग्रजी, मध्ये मराठी शेरे. साधारण १९२८ ते १९३३. दुसऱ्या वहीला कसर. गावाहून आलेली ११ कार्डं आतच, जागेवर ठेवली.’ शेवटचं वाक्य माझ्या चुकीचं प्रायश्चित्त आहे. सूचीच्या आरंभी एक पान घराण्याबद्दल: कोण कोणाचं कोण, कुठली घरं, कुठली गिरणी, कोण कधी मुंबईत, कोण कधी गावात. हे पान लिहिताना माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

कोणाला द्यावं

घरात ठेवणं हा एक मार्ग आहे, पण पुढची पिढी परदेशी असेल तर नीट विचार करा. ७५ वर्षांपेक्षा जुना ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरू शकतो आणि तो परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा ‘मी अमेरिकेत घेऊन जाते’ हे चांगल्या मनाचं वाक्य असलं तरी करू नका, डिजिटल प्रती न्या.

संस्था पाहायच्या तर महाराष्ट्र राज्य पुराभिलेख मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी काढलेलं. राजवाडे स्वतः वरसईचे, म्हणजे आपल्याच पट्ट्यातले. उद्योगांच्या कागदांसाठी १९९१ साली सुरू झालेलं टाटा सेंट्रल आर्काइव्ह्ज आता पुण्यात आहे, पण अशा संस्था आपल्याच समूहाचे कागद घेतात. दुसऱ्या कंपनीच्या मॅनेजरचं दप्तर घेतील असं गृहीत धरू नका. जवळची जागा हवी तर रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. मोठ्या जुन्या वाचनालयांना आधी विचारा की कागद ठेवायला कोरडी खोली आहे का आणि कोणी बघणारा आहे का. नाव कितीही मोठं असलं तरी खोली ओली असेल तर तुमचं माजघर बरं.

देताना ‘देणगी’ आणि ‘ठेव’ यातला फरक लिहून घ्या. देणगीत मालकी जाते, ठेवीत ती तुमच्याकडे राहते. दप्तराच्या संपूर्ण सूचीच्या दोन प्रती करून एकीवर संस्थेची सही घ्या. अटी कागदावर लिहा: कोणती पाकिटं कधी उघडायची, प्रती कोणाला द्यायच्या, फोटो छापताना कोणाची परवानगी लागेल. पत्राचा कागद ज्याला आलं त्याच्या वारसांचा असला तरी पत्रातला मजकूर लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. म्हणून दुसऱ्या कोणाची पत्रं छापायची असतील तर आधी त्या घराला विचारावं. सगळ्या वारसांची संमती एकदम घ्या, नंतर एका चुलतभावाचा फोन येतो आणि मग सगळं थांबतं.

दप्तर गेल्यावर रिकामी ट्रंक भंगारात घालू नका, निदान झाकणाचा फोटो काढल्याशिवाय नको. आमच्या तिसऱ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने आजोबांचं नाव, गिरणीचं नाव आणि खाली ‘हर्णै बंदर’ असं लिहिलं आहे. सूचीत तिची नोंद आहे, आणि ती स्वतः सध्या माजघरात तांदळाने भरलेली आहे.